चौघांपुरतं

शिवलीलाक्कांच्या परड्यातलं झाड
निम्मं आमच्या भिंतीवर रेललेलं.
त्या म्हणतात, बेण्णे हण्णु.
बाजारातला पोरगा म्हणतो, बटर फ्रूट.
आणि आमचा परसू,
अकरा वर्षं जहाजाच्या भटारखान्यात काढून
मे महिन्यात खानापूरला परतलेला,
म्हणतो, "अगं, अवाकाडो!"
फळाला कुठल्याही नावानं हाक मारा,
ते आपलं पिकायचं तेव्हाच पिकतं.

पाच फळं तांदळाच्या डब्यात पुरली.
रोज सकाळी हा हात घालून चाचपायचा,
तान्ह्याची टाळू बघावी तसा.
भिंतीपलीकडून शिवलीलाक्का, "आयतेनु?"
"इन्ना इल्ला!" हा ओरडायचा.
कन्नड बोलताना अजून
चौथीतल्या पोराचा आवाज लागतो त्याला.

पाचव्या दिवशी देठाची टिकली नखानं उडवली.
खाली हिरवं होतं.
"झालं," म्हणाला.

मी मिक्सर काढला.
"नको गा आक्का, चिकट होतंय त्यात."
मग माळ्यावरचा दगडी खल उतरवला,
कितीही धुतला तरी लसणीचा वास न सोडणारा.
तिकडं एका बंदरात, म्हणाला,
रस्त्याकडेला एक बाई असंच कुटत बसलेली.
तिच्या खलाला तीन पाय होते,
तेवढाच फरक.
वीस मिनिटं उभा होता तिच्यासमोर,
भोंगा झाला तेव्हा पळत सुटला.

आधी कांदा, हिरवी मिरची, कोथिंबिरीचे देठ;
ह्यांना नीट रगडायचं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
मग सुरी गोल फिरवून फळ पिळायचं,
दोन वाट्या सुटतात, एकीत कोय बसलेली.
गर अर्धवटच चेचायचा.
फोडी लागल्या पाहिजेत दाताला.
वर लिंबू, बिया काढून.
हात त्याचे भराभर चालले होते,
मी नुसतं बघत होते.
आणि मिठाची बरणी उघडून
थांबला.

थांबलाच.

"आक्का, किती घालू?"
"मला काय विचारतास? रोज तूच की करत होतास."
"चारशे माणसांचं म्हाईत हाय.
चाळीस किलोला दोन वाट्या, वर एक मूठ.
चौघांचं कसं करतात?"

मला हसू आलं,
आणि मधेच कुठंतरी गेलं.
म्हटलं, चिमूट घाल. चाख. परत घाल.
"चाखायला दुसरा माणूस असायचा," म्हणाला.

चाखलं मग त्यानं, करंगळीनं,
भिंतीकडं तोंड करून.
परत चिमूट घातली.
परत चाखलं.
तव्यावरची भाकरी करपायला आली
तरी ह्याचं चाललेलंच.

आई म्हणाली, "फोडणी कुठाय?"
नाहीच म्हटल्यावर स्वतः उठली,
मोहरी, हिंग, दोन लाल मिरच्या,
आणि आपल्या ताटात चर्र ओतून घेतली.
परसूनं डोळे मिटले,
त्याच्या साहेबानं बघितलं असतं तर काय, असे.
मग तिच्याच ताटात भाकरीचा तुकडा बुडवला.
काही बोलला नाही.
परत बुडवला.
शिवलीलाक्कांनी तर कढीपत्ताही मागितला.

चमचाभर उरलं होतं, ते काळं पडायला लागलं.
ह्याचं असंच, म्हणाला, हवा सोसत नाही.
तिकडं वरून प्लॅस्टिक चिकटवत होतो.
आईनं भाकरीच्या कडेनं खल पुसून घेतला
आणि प्रश्न मिटला.

कोय राहिली. ओली, तपकिरी, मुठीत मावणारी.
"लावा की," शिवलीलाक्का म्हणाल्या,
"फळ धरायला सात वर्षं लागतील बघा."
परसूनं बोटं मोजली.
वर्षं नाही, कंत्राटं मोजत होता, नऊ-नऊ महिन्यांची.
मला कळलं ते,
कारण हाताची बोटं संपत आली
तेव्हा तो उठला,
आणि फळीवरून काचेचा पेला काढून
आईकडं तीन काड्या मागितल्या,
आगपेटीतल्या,
कोय पाण्यावर टेकवून धरायला.